आरएक्स हंड्रेडचा चढता भाव

शोरूममधून वीस हजारांच्या आतबाहेर निघालेली यामाहा आरएक्स १०० आज कागदं चोख आणि इंजिन मूळचं असेल, तर लाखाच्या पुढे बोलली जाते. बीड, गेवराई, माजलगाव, अंबाजोगाई, कुठेही चौकशी करा, मागणारे जास्त आणि विकणारे कमी. जुनी दुचाकी भंगाराच्या भावात जाते, हा आपला नेहमीचा हिशेब या गाडीने उलटा केला आहे.

एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने १९८५ च्या अखेरीस ती भारतात आणली. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या आसपास. आजच्या १०० सीसी गाड्याही साधारण आठ अश्वशक्तीच देतात. फरक इंजिनाच्या जातीचा आहे. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला फायरिंग होतं, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एकदा. धारूरच्या घाटात डबलसीट असतानाही ही गाडी दम टाकत नसे, ते यामुळे. पण याच रचनेत तिचा शेवटही दडलेला होता. ऑइल पेट्रोलसोबतच जळतं आणि थोडं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. धुराचे नियम कडक होत गेले आणि १९९६ मध्ये उत्पादन थांबलं. आज कोणत्याही कंपनीला हीच गाडी जशीच्या तशी पुन्हा काढता येणार नाही. म्हणजे आहेत तेवढ्याच, आणि त्याही दरवर्षी घटणाऱ्या.

अमेरिकेत हे आधीच घडून गेलं. मस्टँगसारख्या ताकदवान मोटारींचं युग १९७३ च्या तेलटंचाईने आणि प्रदूषणाच्या कायद्यांनी आटोपलं. त्या वेळची पोरं कमावती होऊन पन्नाशीला आली, तसे भाव चढले. ‘बुलिट’ चित्रपटातली १९६८ ची मस्टँग जानेवारी २०२० मध्ये ३७ लाख डॉलरहून जास्त किमतीला लिलावात गेली. आपल्याकडे रक्कम छोटी, पण ओढ तीच.

बीडमध्ये त्या ओढीला आणखी एक कारण आहे. बीड शहरात रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. तोवर एसटी चुकली की माणूस अडकला. अशा मुलखात स्वतःची गाडी म्हणजे दवाखाना, कॉलेज, मोंढा आपल्या वेळेने गाठणं. म्हणून ती दारात उभी असणाऱ्या घराचा गावात रुबाब असे, आणि ज्यांना तेव्हा नुसतं बघावं लागलं, तेच आज पैसे मोजतात. मात्र त्या काळाची आठवण काढताना एक गोष्ट दडवू नये. लग्नाच्या बोलीत ‘गाडी’ मागितली जायची, आणि ती कितीतरी मुलींच्या बापांनी उसनवारी करून, रान गहाण टाकून दिली. त्या गाड्यांची खरी किंमत शोरूमच्या पावतीवर कधीच नव्हती.

घेणाऱ्याने रंग आणि क्रोम पाहून भुलू नये. भाव कागदांवर ठरतो आणि फसवणूकही तिथेच होते. नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी रिपासिंग आणि पर्यावरण कर. आरसी बुकावरचा चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः ताडून पाहा. एमएच-२३ ची मूळ पाटी आणि पहिल्या मालकापासूनचे सगळे कागद असतील, तर चार पैसे जास्त देणं रास्त आहे. पिस्टन-रिंग बदलता येते, बोअर करता येतो. हरवलेला कागद मात्र कुठल्याच गॅरेजात तयार होत नाही. जुन्या मिस्त्रीला सोबत न्या. टू-स्ट्रोकचा नुसता आवाज ऐकून दुखणं ओळखणारी ही मंडळी आता थकली आहेत, आणि त्यांच्या हाताखाली नवी पोरं फारशी तयार होत नाहीत. मला सुट्या भागांपेक्षा याची चिंता जास्त वाटते.

२०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या मूळ रूपातल्या गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. पहिल्या आरएक्स २०३५ मध्ये त्या वयाच्या होतील. पण अशी नोंदणी घेतली, की गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच मुभा. ज्यांना ती घाटात पळवायची आहे, त्यांनी साधी नोंदणीच टिकवावी.