कांद्याचा गोंडा पोकळ का राहतो?

एप्रिलमध्ये कांद्याचे डेंगळे वाळायला लागले की एक गोंडा हातात घ्यावा आणि त्यातलं एखादं बोंड नखाने फोडून पाहावं. आत तीन कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात दोन बीजांडं, म्हणजे एका फुलातून जास्तीत जास्त सहा बिया. सहाच्या सहा काळ्या, टणक बिया क्वचितच सापडतात. तीन-चार मिळाल्या तर बरं. कधी कधी एकच बी असते आणि बाकीच्या जागी पांढुरके, सुकलेले ठिपके दिसतात. ती बी होता होता राहिलेली बीजांडं.

उळ्यांचा, म्हणजे कांद्याच्या बियांचा, उतारा घटला की खताकडे, पाण्याकडे, ढगाळ हवेकडे बोट जातं. ही कारणं खोटी नाहीत. पण फुलापर्यंत पुरेसे परागकण पोचले का, हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा असं मला वाटतं, कारण बाकी सगळं पोसणं त्यानंतर सुरू होतं.

एकच फूल जवळून बघू. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावलेल्या निवडक कांद्यांना थंडी लागून दांडे येतात आणि जानेवारीनंतर गोंडे फुलू लागतात. एका गोंड्यात शेकडो फुलं असतात. ती एकदम उमलत नाहीत. गोंड्याचा फुलोरा दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त चालतो. प्रत्येक फुलात सहा पुंकेसर. आधी आतले तीन फुटतात, मग बाहेरचे तीन, आणि दीडेक दिवसात सगळे पराग मोकळे होतात. या वेळी मधला कुक्षीवृंत जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. तो पुढच्या एक-दोन दिवसांत वाढून पाचेक मिलिमीटर होतो आणि तेव्हा कुठे त्याच्या टोकाची कुक्षी पराग घ्यायला तयार होते. तोवर त्या फुलाचे स्वतःचे पराग झडून गेलेले असतात. म्हणजे त्या फुलाला पराग बाहेरूनच यायला हवा. कांद्याचे पराग चिकट असल्याने वाऱ्यावर फारशी भिस्त ठेवता येत नाही. आणणारं कोणी तरी लागतं: सातेरी, आग्या, फुलोरी या मधमाश्या, काही प्रकारच्या माश्या.

कुक्षीवर पडलेला कण ओलावा शोषतो, फुगतो आणि त्यातून एक बारीक परागनलिका निघते. ती कुक्षीवृंतातून खाली उतरत अंडाशयात शिरते आणि एका बीजांडाशी पोचते. नलिकेतून दोन पुंयुग्मकं येतात. एकाच्या मीलनातून गर्भ तयार होतो, दुसऱ्याच्या मीलनातून त्या गर्भाला पोसणारा भ्रूणपोष. हे द्विफलन सर्गेई नवाशिन या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1898 साली दाखवून दिलं. हिशोब सरळ आहे: एका बीजांडाला एक कण. सहा बियांसाठी किमान सहा जिवंत कण हवेत. प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त लागतात, कारण काही रुजत नाहीत आणि काहींच्या नलिका वाटेतच थांबतात. दोनच कण पोचले तर उरलेली चार बीजांडं सुकतात. नंतर कितीही पाणी दिलं तरी ती भरत नाहीत.

मग कण पोचत का नाहीत? फुलकिड्यांसाठी ऐन फुलोऱ्यात, भर दुपारी मारलेली फवारणी हे मला सगळ्यांत वेदनादायक कारण वाटतं. ज्या पिकाला माश्यांची गरज आहे त्याच पिकावर त्या मरतात. फवारणी टाळता येतच नसेल तर माश्या पोळ्यात परतल्यावर, संध्याकाळी तरी करावी. दुसरं कारण खुद्द कांद्याचं. त्याच्या मकरंदात पोटॅशियम बरंच असतं आणि मधमाश्यांना ते आवडत नाही. शेजारी मोहरी किंवा धने फुलले असतील तर माश्या तिकडे रमतात. म्हणूनच मधपेट्या फुलोरा सुरू झाल्यावर शेतात आणाव्यात. आधी आणल्या तर माश्यांना दुसऱ्याच फुलांची सवय लागते. तिसरं कारण उन्हाचं: चढत्या तापमानात परागकणांची रुजण्याची ताकद घटते. कण पोचतो, पण कामाचा राहत नाही.

परागांच्या संख्येइतकाच ते कोणत्या झाडाचे आहेत हाही प्रश्न आहे. माश्या कमी असल्या की पराग त्याच गोंड्यातल्या एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जाण्याचं प्रमाण वाढतं. बी धरते, काळी आणि टणकही दिसते, पण ती स्वपरागित असते. कांद्यात अशा बियांची रोपं आणि कांदे पिढीगणिक कमजोर होतात. उतारा मोजून हे नुकसान कळत नाही. पुढच्या हंगामात रोपवाटिकेत कळतं.

संकरित बियाण्यात हाच प्रश्न टोकाला जातो. 1925 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे हेन्री जोन्स यांना 'इटालियन रेड' जातीत एक झाड सापडलं. त्याला जिवंत परागच नव्हते. त्याने बी धरली नाही, पण गोंड्यात बारीक कांदुल्या आल्या, आणि त्या लावूनच ते टिकवलं गेलं. आजच्या कित्येक संकरित जातींचा पाया तोच आहे. अशा नर-वंध्य ओळींतली प्रत्येक बी शेजारच्या नर ओळीतून आलेल्या कणावर अवलंबून असते. अडचण अशी, की पराग गोळा करणारी माशी पराग नसलेल्या ओळीकडे फिरकत नाही. मकरंदासाठी येणाऱ्या माश्यांनीच दोन्ही ओळींत ये-जा करावी लागते, आणि त्याही पुष्कळदा एकाच ओळीत फिरत राहतात.

रानातल्या झाडांचीही हीच गोष्ट आहे. मार्टिन बर्ड यांनी 1994 साली 258 वनस्पतींवरचे अभ्यास एकत्र तपासले. जास्तीचे पराग हाताने दिल्यावर त्यांपैकी 62 टक्के वनस्पतींमध्ये, निदान काही ठिकाणी किंवा काही हंगामांत, फलधारणा वाढली होती.

हीच चाचणी आपल्या वाफ्यात करता येते. बरोबरीचे काही गोंडे निवडून निम्म्यांना दोरा बांधा. दोरा बांधलेल्या गोंड्यांवर दुसऱ्या झाडांच्या गोंड्यांचे ताजे पराग मऊ कुंचल्याने, सकाळी ऊन वर आल्यावर, फुलोरा संपेपर्यंत एक दिवसाआड लावत राहा. बाकीचे माश्यांवर सोडा. काढणीला दोन्हींतली पंचवीस-तीस बोंडं फोडून बिया मोजा. दोऱ्याच्या गोंड्यांत बिया ठळकपणे जास्त निघाल्या तर पराग कमी पडत होते, आणि पुढच्या वर्षी मधपेट्यांची सोय आणि फवारणीची वेळ आधी ठरवायला हवी. आकडे सारखेच आले, तर मात्र पाणी, खत आणि हवामानाकडे वळावं.