मॅडम, हा पाइप वर जाते का खाली?

‘‘मॅडम, हे गोल वर जाते का खाली? मले त दोन्ही सारखेच दिसून रायले.’’ हिंगणघाटच्या साइटवरून प्लंबर मिस्त्रींचा फोन आला, तेव्हा मी वर्ध्यात आर्वी नाक्याजवळच्या माझ्या खोलीत चहा पीत होते. त्यांनी विचारलं खरं, पण छताला भोक पाडून झाल्यावर. पाइप जायला हवा होता फरशीतून खाली. चूक त्यांची नव्हती, माझ्या नकाशाची होती.

उभा पाइप वरून पाहिला तर नुसता गोल दिसतो. चढणाऱ्याचाही गोल, उतरणाऱ्याचाही गोलच. म्हणून नकाशात संकेत ठेवतात: चढणाऱ्याला पूर्ण गोल, उतरणाऱ्याला एका बाजूनं उघडा, इंग्रजी ‘सी’सारखा. ट्रेसिंग पेपरवर ही खूण हातानं काढावी लागे, त्यामुळे प्रत्येक गोलापाशी पेन्सिल क्षणभर थांबायची. मला ती सवय लागलीच नाही.

मी प्लंबिंगचे नकाशे रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये काढते. त्यात रेघ मारायची नसते, पाइपच बसवायचा असतो. 110 मिमीचा सॉइल पाइप (संडासाचा), त्याचा उतार, तो कुठून कुठे जातो, सगळं फाइलला ठाऊक असतं. पण फाइलला ठाऊक आहे म्हणून ते कागदावर उतरतंच असं नाही. चढ-उताराच्या खुणा प्रत्येक पाइप-सिस्टिमसाठी वेगळ्या निवडाव्या लागतात. पाण्याच्या लाइनला मी त्या निवडल्या होत्या, सांडपाण्याच्या लाइनला दोन्हीकडे तोच पूर्ण गोल राहून गेला.

जाडीचाही घोळ असतो. 25 मिमीचा पाइप 1:100 च्या नकाशात पाव मिलिमीटर भरतो. त्याच्या दोन्ही कडा छापल्या तर काळा फराटा उमटतो. म्हणून रेव्हिटच्या ‘कोअर्स’ आणि ‘मीडियम’ दृश्यात पाइप एका रेघेचा दिसतो, ‘फाइन’मध्ये दोन कडांचा. एकेरी रेघेवरच्या चढ-उताराच्या खुणेचा आकार मात्र एकदा ठरवला की नकाशा 1:50 असो वा 1:100, कागदावर तेवढाच छापला जातो. मिस्त्रींचा चष्मा आठवून मी खुणेचा आकार 3 मिमीचा 4 मिमी केला.

फरशीखालची ड्रेनेज लाइन तर कधी कधी गायबच होते. प्लॅन म्हणजे घर आडवं कापून वरून पाहणं. रेव्हिट ते मुळात 1200 मिमी उंचीवर कापतं. नजर किती खोल जाऊ द्यायची, हे ‘व्ह्यू रेंज’मध्ये सांगावं लागतं. ती फरशीपाशीच थांबली, तर पाइप फाइलमध्ये असतो पण कागदावर नसतो.

आणि नहाणी ट्रॅप, म्हणजे न्हाणीघराच्या फरशीवरचं पाणी जिथून पाइपात उतरतं तो भाग! आपल्या न्हाणीघराचं नाव देशभरच्या प्लंबिंगच्या नकाशांत ‘एनटी’ या दोन अक्षरांत टिकून आहे. अमेरिकेत जन्मलेल्या या सॉफ्टवेअरला ते ठाऊक नव्हतं. त्याची खूण मी स्वतः बनवली. माझ्या कामातली ही खूण मला सगळ्यात आवडते.

हिंगणघाटचं भोक बुजवायचे पैसे मी भरले. तेव्हापासून माझ्या प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात खुणांची यादी असते, मराठीत. तुमचं घर बांधायला निघालं असेल, तर नकाशावर अशी यादी आहे का ते बघा. नसेल तर टाइल बसायच्या आधी मागून घ्या.