उलुरू : यजमानाचा नकार

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, वाळवंटात ३४८ मीटर उंचीचा एक प्रचंड तांबडा खडक उभा आहे. १८७३ मध्ये विल्यम गॉस या सर्वेक्षकाने सर हेन्री एअर्स या राजकारण्याच्या नावावरून त्याला ‘एअर्स रॉक’ म्हटले. तिथल्या आनांगू लोकांसाठी मात्र तो आधीपासून उलुरूच होता.

१९६४ मध्ये पर्यटकांना चढता यावे म्हणून खडकावर साखळी बसवली गेली. ती वाट नेमकी माला या पूर्वजांच्या पवित्र मार्गावरची. आनांगूंचा ‘चुकुर्पा’ म्हणजे धर्म, कायदा आणि पूर्वजकथा यांची एकच वीण. त्यानुसार त्या वाटेने कोणीही उठून जायचे नसते. शिवाय पाहुण्याच्या जिवाची जबाबदारी यजमानाची. चढाईत पस्तीसहून अधिक माणसे दगावली, त्यांचे दुःख आनांगूंनी आपले मानले.

२६ ऑक्टोबर १९८५ रोजी सरकारने जमिनीची मालकी आनांगूंना परत केली आणि लगेच ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने ती राष्ट्रीय उद्यानासाठी घेतली. पंतप्रधान बॉब हॉक यांनी १९८३ मध्ये चढाई बंद करण्याचे आश्वासन दिले होते. हस्तांतरणाच्या वेळी मात्र ती चालू ठेवण्याची अट आली. आपल्या भाषेत, सातबारा नावावर झाला, पण दाराची कडी दुसऱ्याच्या हाती राहिली.

मग आनांगूंनी विनंतीचा मार्ग धरला. पायथ्याशी फलक लागले : कृपया चढू नका. उद्यानाच्या २०१० च्या आराखड्याने चढाई बंद करण्याचे निकष ठरवले. त्यांतला एक असा : चढणाऱ्यांचे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली यावे. म्हणजे मालकाचा नकार ग्राह्य धरायचा की नाही, हे पाहुण्यांच्या पायांवर ठरणार होते. प्रमाण खरोखरच घसरले. नोव्हेंबर २०१७ मध्ये आनांगूंचे बहुमत असलेल्या व्यवस्थापन मंडळाने एकमताने निर्णय घेतला आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई बंद झाली. हस्तांतरणाला त्या दिवशी ३४ वर्षे पूर्ण झाली होती. आदल्या दिवशी चढणाऱ्यांची लांबच लांब रांग लागली होती.

उलुरू आजही पर्यटकांना खुला आहे. भोवतालची सुमारे १० किलोमीटरची वाट चालता येते. प्रदक्षिणेची सवय असलेल्या आपल्याला ती परकी वाटू नये. काही जागांचे छायाचित्र तेवढे घ्यायचे नसते. कधीकाळी इथून उचलून नेलेले दगड लोक माफीच्या पत्रांसह टपालाने परत पाठवतात.

आदिवासींच्या भूमीत जाताना ‘परवानगी आहे ना?’ एवढे विचारून आपण निश्चिंत होतो. १९८५ नंतरही चढाईला परवानगी होतीच. विचारायचे ते पुढचे : ती कोणी दिली, आणि त्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक होती का?