परसातील दहा कोंबड्या आणि शंभर मात्रांची कुपी

ग्रामीण भारतातील कोट्यवधी घरांच्या मागील बाजूस आजही पाच-दहा कोंबड्या आणि भाजीची चार आळी असा छोटा संसार नांदत असतो. घराच्या अन्नात आणि मिळकतीत त्याचा वाटा असतो. मात्र एखाद्या साथीत हा सारा ठेवा आठवड्याभरात नाहीसा होऊ शकतो. ही साथ रोखणारी लस अनेक दशकांपासून उपलब्ध आहे आणि ती महागही नाही. तरीही दहा कोंबड्यांच्या घरापर्यंत ती क्वचितच पोहोचते. असे का घडते आणि त्यावर उपाय कोणता, हे समजण्यासाठी आधी परसाचा व्यवहार समजून घ्यावा लागतो.

परसाचा वाटा मोठा

देशात २०१९ मध्ये झालेल्या विसाव्या पशुगणनेनुसार कुक्कुटवर्गीय पक्ष्यांची एकूण संख्या सुमारे ८५ कोटी १८ लाख होती. त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख पक्षी परसातील, म्हणजे घरोघरी पाळलेले होते. दर शंभर पक्ष्यांमागे हे प्रमाण ३७ इतके पडते. २०१२ च्या गणनेशी तुलना करता परसातील पक्ष्यांची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली. व्यापारी कुक्कुटपालनातील वाढ मात्र साडेचार टक्क्यांच्या आसपास राहिली. मोठमोठ्या शेडच्या काळातही परसातील कोंबडी मागे पडलेली नाही, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

याचे कारण घराच्या रचनेत आहे. गाय किंवा म्हैस घ्यायची तर भांडवल लागते, वैरण लागते, गोठा लागतो. कोंबडीला सांडलेले धान्य, तांदळाची कणी, शिळेपाके, उकिरड्यावरील किडे आणि रात्री निवाऱ्यापुरते खुराडे एवढे पुरते. त्यामुळे भूमिहीन कुटुंबालाही ती पाळता येते. दुसरे असे की, कोंबड्यांची देखभाल बहुतेक ठिकाणी घरातील स्त्रीकडे असते. जमीन, बैल आणि पीक यांचा पैसा पुरुषाच्या हाती जात असला, तरी अंडी आणि पिले विकून आलेली रक्कम अनेक घरांत तिच्याजवळच राहते. मुलांची वही, औषधाची बाटली, माहेरी जाण्याचे भाडे यांसाठी तिला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. म्हणून परसातील कोंबडी मेली, तर घरातील एक पक्षी कमी होतो एवढेच नव्हे. त्या स्त्रीच्या हातचा पैसाही जातो.

अंड्यांचा हिशेब

देशी किंवा गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ७० अंडी देते. शेडमधील संकरित कोंबडी तीनशेच्या आसपास अंडी देत असल्याने हा आकडा अगदीच तोकडा वाटतो. परंतु गावरान कोंबडी खुडूक होते, अंड्यांवर बसते, २१ दिवसांत पिले काढते आणि त्यांना चारा टिपायलाही शिकवते. कोणतेही यंत्र किंवा वीज न लागता वंश पुढे चालतो.

उदाहरणादाखल पाच कोंबड्यांच्या घराचा ढोबळ हिशेब पाहता येईल. प्रत्येकीने ६० अंडी दिली, तर वर्षाला ३०० अंडी होतात. प्रत्येक कोंबडीखाली वर्षातून दोनदा बारा-बारा अंडी ठेवली, तर १२० अंडी उबवण्यासाठी जातात आणि १८० उरतात. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार एका व्यक्तीला वर्षाला १८० अंडी मिळायला हवीत. म्हणजे पाच कोंबड्यांची खाण्याजोगी अंडी घरातील एका माणसापुरतीच होतात. ती कोणाला द्यायची, हा निर्णय म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. वाढत्या वयाचे मूल किंवा गरोदर स्त्री यांच्या ताटात ती पडली, तर त्यांचा खरा उपयोग होतो.

दुसरीकडे, उबवलेल्या १२० अंड्यांतून ९० पिले निघाली असे धरले, तर खरी मिळकत तेथे दिसते. बाजारात भाव मिळतो तो वाढलेल्या तलंगीला आणि कोंबड्याला. मात्र पहिल्या दोन महिन्यांत घार, मुंगूस, मांजर, पावसाची झड आणि रोगराई यांमुळे अनेकदा निम्म्याहून अधिक पिले दगावतात. अंडी वाढवण्याआधी ही गळती थांबवली, तर त्याच पाच कोंबड्यांत घराची मिळकत वाढू शकते. पहिले काही आठवडे पिले डालग्याखाली किंवा जाळीच्या आडोशाला ठेवणे, तेथे त्यांना कणी आणि स्वच्छ पाणी देणे, रात्री खुराड्याचे दार न चुकता लावणे, एवढ्याने मोठा फरक पडतो. खुराडे जमिनीपासून दोन-तीन फूट उंच असावे आणि दर पक्ष्यामागे दीड ते दोन चौरस फूट जागा असावी, असा साधारण दंडक आहे.

कोंबडी आणि भाजीचे आळे

परसबाग आणि कोंबड्या एकमेकांस पूरक असतात. परंतु त्यांना वेळीच वेगळे ठेवावे लागते. मोरीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळ वाढते. कुंपणावर दोडका, कारले, वाल चढतात. शेवगा आणि कढीपत्ता एकदा लागले की वर्षानुवर्षे पाला देतात. भाजीचा निवडलेला कचरा कोंबड्यांपुढे जातो आणि त्यांची विष्ठा खताच्या खड्ड्यात पडते. या विष्ठेत नत्राचे प्रमाण भरपूर असते. म्हणूनच ती ताजी असताना रोपांच्या बुडाशी घालू नये, मुळे करपतात. पालापाचोळा आणि राख यांच्यासोबत खड्ड्यात काही महिने कुजल्यानंतर तिचे उत्तम खत होते.

कोंबडी जमीन उकरून वाळवी, अळ्या आणि किडे टिपते, हा तिचा गुण. त्याच पायांनी ती माठाची कोवळी रोपेही उधळते. त्यामुळे विदर्भात तुराट्या-पऱ्हाट्यांचे, कोकणात बांबूच्या कामट्यांचे कुंपण भाजीभोवती घालतात. पीक निघाले की कुंपण उघडून कोंबड्यांना आत सोडता येते. आणखी एक काळजी घरातील लहान मुलांसाठी घ्यावी लागते. रांगते मूल ज्या अंगणात खेळते, तेथील विष्ठा त्याच्या तोंडात गेल्यास अतिसार होऊ शकतो. रात्री कोंबड्या राहत्या खोलीत न ठेवता खुराड्यात ठेवणे, अंगण रोज झाडणे आणि अंडी गोळा केल्यावर साबणाने हात धुणे, हे त्यावरचे सोपे उपाय होत.

सुधारित जातींची देणी आणि मर्यादा

परसातील उत्पन्न वाढावे म्हणून देशातील संशोधन संस्थांनी अनेक सुधारित वाण तयार केले. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाचे वनराजा आणि ग्रामप्रिया, तसेच बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाचा गिरिराजा हे त्यांपैकी परिचित होत. रंगीत पिसांमुळे हे पक्षी गावरान दिसतात, लवकर वजन धरतात आणि देशी कोंबडीपेक्षा अधिक अंडी देतात. मध्य प्रदेशातील झाबुआ भागाच्या काळ्या कडकनाथ कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिच्या मांसाला चांगला भाव मिळू लागला.

तथापि सुधारित पक्षी सहसा खुडूक होत नाहीत. त्यामुळे नवी पिले दरवेळी विकत आणावी लागतात आणि पहिले चार ते सहा आठवडे बल्बची अथवा शेगडीची ऊब द्यावी लागते. जड अंगाच्या पक्ष्याला घारीपासून पळणेही कठीण जाते. म्हणून अनेक घरे दोन्ही जाती एकत्र ठेवतात. खुडूक गावरान कोंबडीखाली सुधारित जातीची अंडी ठेवून पिले काढतात. जात कोणतीही असो, लस नसेल तर दोन्हींची गत एकच होते.

मानमोडीचा घाला

परसातील कोंबड्यांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे मानमोडी, अर्थात राणीखेत रोग. जगात हा रोग न्यूकॅसल या नावाने ओळखला जातो. कुमाऊँमधील राणीखेत येथे १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्याची नोंद झाली आणि भारतात तेच नाव रूढ झाले. पक्षी मरगळतो, तोंड उघडून श्वास घेतो, हिरवट-पांढरी हगवण लागते, पंख लोंबतात आणि अखेरीस मान पिळवटते. हा विषाणूजन्य रोग असून त्यावर औषध नाही. लस न दिलेल्या कळपात शिरल्यास तो बहुतेक सर्व पक्षी नेऊ शकतो.

योगायोग असा की, त्यावरील लसीचे मूळही कुमाऊँमध्येच आहे. राणीखेतपासून फार दूर नसलेल्या मुक्तेश्वर येथील पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत १९४० च्या दशकात या विषाणूचा सौम्य केलेला प्रकार तयार झाला. 'आर टू बी' या नावाने ही लस आजही सहा ते आठ आठवड्यांच्या पक्ष्यांना टोचली जाते. त्याआधी, पाच ते सात दिवसांच्या पिलांना 'लासोटा' किंवा 'एफ वन' लसीचा थेंब डोळ्यात अथवा नाकात घालतात.

अडचण कुपीची

लस उपलब्ध असूनही ती का मिळत नाही, याचे उत्तर कुपीच्या आकारात आहे. ही लस गोठवून वाळवलेल्या भुकटीच्या रूपात येते आणि एका कुपीत किमान शंभर, अनेकदा त्याहून कितीतरी अधिक मात्रा असतात. ती दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. द्रावणात मिसळल्यानंतर साधारण दोन तासांत तिचा वापर झाला पाहिजे. अन्यथा ती निरुपयोगी होते. हजारो पक्ष्यांच्या शेडसाठी ही सोय उत्तम आहे. पण आठ कोंबड्यांच्या मालकिणीने कुपी आणली, तर ९२ मात्रा वाया जातात. शिवाय बर्फ घेऊन तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत जाण्याचा खर्च लसीपेक्षा जास्त होतो. परिणामी प्रत्येक घर लस टाळते.

उपाय गावानेच करण्यासारखा आहे. वाडीतील बारा घरांत प्रत्येकी आठ कोंबड्या असतील, तर ९६ पक्षी होतात आणि एक कुपी जवळजवळ पूर्ण वापरली जाते. त्यासाठी ठरावीक दिवस, बर्फाचा डबा आणि प्रशिक्षित हात हवेत. वेळही नेमकी हवी. दिवसा मोकळ्या कोंबड्या हाती लागत नाहीत. त्यामुळे पहाटे खुराड्याचे दार उघडण्यापूर्वीच लसीकरण उरकावे लागते. आजारी पक्ष्याला लस देऊ नये. आठवडाभर आधी जंतांचे औषध दिलेले असल्यास चांगले. ग्रामीण जीवनोन्नती अभियानातील बचत गटांतून तयार झालेल्या पशुसखी हे काम गावातच करू शकतात. दर पक्ष्यामागे थोडे शुल्क ठरले, तर त्यांनाही उत्पन्न मिळते.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात विकसित झालेली 'आय टू' ही उष्णता सोसणारी लस शीतपेटीबाहेरही काही आठवडे टिकते. आफ्रिकेतील मोझांबिक आणि टांझानिया या देशांत गावातील स्वयंसेवकांनी ती डोळ्यात थेंब घालून दिली. वर्षातून ठरावीक महिन्यांत, सगळ्या घरांत एकाच वेळी लसीकरण करण्याची पद्धत तेथे उपयुक्त ठरली.

साथ आल्यावर

कोंबड्या मरू लागल्या की उरलेल्या पक्ष्यांचे चार पैसे तरी यावेत, म्हणून त्या घाईने आठवडी बाजारात नेल्या जातात. रोग गावोगाव पसरतो तो याच वाटेने. बर्ड फ्लूच्या बाबतीत ही घाई अधिक धोक्याची आहे, कारण तो माणसालाही होऊ शकतो. भारतात फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे त्याचा पहिला उद्रेक नोंदला गेला. जानेवारी २००८ मध्ये पश्चिम बंगालमध्ये त्याचा फटका मुख्यतः परसातील पक्ष्यांना बसला.

अनेक पक्षी एकाएकी दगावल्यास पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवणे २००९ च्या कायद्यानुसार मालकाचे कर्तव्य आहे. बर्ड फ्लूच्या प्रसंगी सरकारी पथकाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते; त्याआधीच मेलेल्या पक्ष्यांची मिळत नाही. म्हणून लवकर कळवण्यातच मालकाचे हित असते. मेलेले पक्षी ओढ्यात किंवा उकिरड्यावर न टाकता चुन्यासह खोल पुरावेत.

परसातील कोंबडी एका घराची असली, तरी तिचे आरोग्य साऱ्या वाडीचे असते. शेजारच्या अंगणात दाणे टिपणारा पक्षी कुंपण जाणत नाही आणि रोगही जाणत नाही. बारा घरांनी मिळून वर्षातून दोन-तीन पहाटा दिल्या, तर घरातल्या मुलाच्या ताटातील अंडे आणि त्याच्या आईच्या कनवटीचे पैसे पुढच्या हंगामापर्यंत शाबूत राहू शकतात.