रानगव्हाचे गाव : रोश पिना

उत्तर इस्रायलमधील वरच्या गालील प्रदेशात, कनान डोंगराच्या पूर्व उतारावर, तीन हजारांच्या आसपास वस्ती असलेले रोश पिना हे गाव आहे. गालीलच्या सरोवराकडून हर्मोन पर्वताकडे जाणारा महामार्ग या गावाच्या पायथ्यापासून जातो आणि ज्यू गूढविद्येचे जुने केंद्र असलेले त्सफात शहर डोंगराच्या माथ्यापलीकडे आहे. त्यामुळे बहुतेक प्रवासी येथे जेवणापुरते थांबतात, दगडी घरांची छायाचित्रे घेतात आणि पुढे निघून जातात. गव्हाच्या इतिहासात मात्र या गावाला असे स्थान आहे की, शेतीविषयी आस्था असणाऱ्या प्रवाशाने येथे निदान एक पूर्ण दिवस काढावा.

‘रोश पिना’ या हिब्रू शब्दांचा अर्थ कोनशिला असा असून, बांधणाऱ्यांनी नाकारलेला दगडच पुढे कोनशिला झाला, या बायबलमधील ११८ व्या स्तोत्रातील उल्लेखावरून हे नाव घेतलेले आहे. रचनेच्या दृष्टीने हे गाव ‘मोशावा’ या प्रकारात मोडते. इस्रायलमधील शेतीवस्ती म्हटली की, जमीन, श्रम आणि मिळकत सामाईक असलेला किबुत्स किंवा कुटुंबागणिक शेत पण खरेदी-विक्री सहकारी असलेला मोशाव डोळ्यांसमोर येतो. मोशावा या दोहोंहून जुना प्रकार असून त्यात प्रत्येक शेतकऱ्याची जमीन आणि घर खाजगी मालकीचे असते. पहिला किबुत्स, देगानिया, १९१० साली आणि पहिला मोशाव, नहलाल, १९२१ साली वसला, तर रोश पिनाची मुळे उस्मानी तुर्कांच्या अमलात, १८७८ पर्यंत मागे जातात.

त्या वर्षी त्सफातमधील काही ज्यू कुटुंबांनी, धर्मादाय देणग्यांवर जगण्याऐवजी स्वतः कसून खावे या निश्चयाने, अल-जाऊना या अरब गावाची काही जमीन विकत घेऊन ‘गे ओनी’ नावाची वसाहत केली. परंतु शेतीचा अनुभव नाही आणि त्यातच दुष्काळ, अशा स्थितीत ती लवकरच मोडकळीस आली. १८८२ मध्ये रुमानियातून, प्रामुख्याने मोइनेश्ती गावातून, आलेल्या कुटुंबांनी त्याच जागी नव्याने सुरुवात केली आणि वसाहतीला आजचे नाव दिले. त्यांचेही हाल झाले. अखेर पॅरिसच्या बँकर घराण्यातील बॅरन एडमंड द रॉथशिल्ड यांनी १८८३ च्या सुमारास वसाहत आपल्या छत्राखाली घेतली, घरे बांधली, पगारी कारभारी नेमले आणि काय पेरायचे याचे निर्णयही त्या कारभाऱ्यांच्या हाती सोपवले. आश्रय मिळाला, पण शेतकरी आपल्याच शेतावर हुकमाचा ताबेदार झाला, आणि या व्यवस्थेविषयीची नाराजी त्या काळच्या सर्वच वसाहतींत धुमसत राहिली.

याच इतिहासाची दुसरी बाजू गावाच्या माहितीफलकांवर फारशी वाचायला मिळत नाही, म्हणून ती प्रवाशाने आधीच जाणून घेतलेली बरी. जमीन विकली गेली तेव्हा ती कसणाऱ्या कुळांना उठावे लागले. रोश पिनाच्या शाळेत शिकवणारे हिब्रू शिक्षक यित्सहाक एपस्टाइन यांनी १९०५ मध्ये बाझल येथे दिलेल्या आणि १९०७ मध्ये ‘हाशिलोआह’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या भाषणात जाऊना सोडून जाणाऱ्या अरब स्त्रियांच्या आक्रोशाची आठवण सांगितली आणि शेजाऱ्यांशी न्यायाने कसे वागावे हा प्रश्न आपल्या लोकांपुढे उघडपणे मांडला. जाऊना हे गाव १९४८ च्या युद्धात ओस पडले. आपल्याच वसाहतीविषयी इतक्या लवकर आणि इतक्या स्पष्टपणे बोलणारा शिक्षक या गावाला लाभला, ही गोष्ट त्याच्या कोणत्याही दगडी वास्तूहून मोलाची आहे.

जुन्या गावाची चढणीची फरसबंद वाट आता काळजीपूर्वक जपलेली आहे. तिच्या कडेने बॅरनच्या कारभाऱ्यांची कचेरी, सिनेगॉग म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ आणि टप्प्याटप्प्यांनी उतरणारी बॅरनची बाग लागते. रेशीम किडे पोसण्यासाठी येथे तुतीची लागवड झाली आणि सूत काढण्याचा कारखानाही निघाला, परंतु तो धंदा टिकला नाही. त्याच वाटेवर हिवतापाचे संशोधक प्रा. गिडॉन मेर यांचे घर आहे. खालच्या हुला खोऱ्यात त्या काळी विस्तीर्ण दलदल होती आणि तिच्यातील डासांमुळे गालीलमधील वसाहती हिवतापाने पोखरल्या जात होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे डोंगरउतारावरच्या या गावात त्यांनी प्रयोगशाळा का थाटली, ते उलगडते. ही दलदल १९५१ ते १९५८ या काळात आटवली गेली. पुढे त्याचे दुष्परिणाम दिसल्यावर १९९० च्या दशकात खोऱ्याचा काही भाग मुद्दाम पुन्हा पाण्याखाली आणला गेला, आणि आता हिवाळ्यात तेथे क्रौंच पक्ष्यांचे हजारोंचे थवे उतरतात.

गव्हाची हकिकत एका वनस्पतिसंग्रहातून सुरू होते. थिओडोर कोट्शी यांनी १८५५ मध्ये हर्मोनच्या परिसरातून आणलेल्या वाळलेल्या नमुन्यांत रानटी सातूबरोबर एका वेगळ्या गवताची ओंबी होती. ती रानगव्हाची असल्याचे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश कोर्निके यांनी १८७३ मध्ये ओळखले. पण ही वनस्पती जमिनीवर उगवताना पुन्हा कोणाला आढळली नव्हती, त्यामुळे अनेक विद्वान तिच्या अस्तित्वाविषयीच साशंक होते. जून १९०६ मध्ये झिखरोन याकोव्ह या वसाहतीत वाढलेले कृषिशास्त्रज्ञ आरोन आरोनसोन यांना रोश पिनाच्या द्राक्षमळ्यात, चुनखडीच्या खडकाच्या भेगेत, ती ओंबी उभी दिसली. पहिल्यांदा एकच रोप सापडले. पुढे हर्मोनच्या उतारांवर ती मुबलक आढळली. या शोधामुळे त्यांचे नाव अमेरिकेपर्यंत पोहोचले आणि अमेरिकन पाठबळावर त्यांनी १९१० मध्ये अतलित येथे शेतीचे प्रयोगकेंद्र उभारले.

ही वनस्पती म्हणजे रानटी एमर, अर्थात ट्रिटिकम डायकोकॉइडिस. तिची ओंबी हातात धरली की शेतातल्या गव्हाशी असलेले नाते आणि फरक दोन्ही एकदम कळतात. ओंबी चपटी, कुसळे लांब आणि खरबरीत. पिकताच ओंबीचा दांडा पेऱ्यापेऱ्यांवर तुटतो आणि बाणाच्या टोकासारखा एकेक कणिशक सुटून खाली पडतो. प्रत्येक कणिशकात बहुधा दोन दाणे असतात आणि त्याला दोन कुसळे असतात. रात्रीच्या दमट हवेत ही कुसळे जवळ येतात, दिवसाच्या कोरड्या हवेत फाकतात, आणि त्यांवरील उलटे केस मागे सरकू देत नसल्याने दाणा दिवसागणिक थोडाथोडा मातीत रुतत जातो. पेरणारा नसताना पेरणी होते, ती अशी. माणसाच्या दृष्टीने हाच गुण अडचणीचा, कारण कापणीला जावे तो पीक जमिनीवर सांडलेले. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियातील शेतकऱ्यांच्या हाती दांडा न तुटणारी झाडे राहिली, त्यांचेच बी वर्षानुवर्षे पेरले गेले, आणि लागवडीचा एमर तयार झाला.

मराठी वाचकाला हा एमर अनोळखी नाही. कृष्णाकाठी सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत पेरला जाणारा खपली गहू म्हणजे हाच. मळणी झाली तरी त्याचे दाणे खपल्यांतून सुटत नाहीत, ते कांडून काढावे लागतात, आणि गव्हाच्या खिरीसाठी जुन्या जाणत्या स्त्रिया आजही हाच गहू मागून घेतात. रानटी एमर आणि खपली या दोहोंच्या पेशीत २८ गुणसूत्रे असतात. पोळीचा नेहमीचा गहू ४२ गुणसूत्रांचा आहे, आणि तो लागवडीतल्या अशाच गव्हाचा एका रानगवताशी संकर होऊन निपजला. विसाव्या शतकात खोडावरील तांबेऱ्याच्या, म्हणजे बुरशीमुळे होणाऱ्या रोगाच्या, जाती ओळखण्यासाठी अमेरिकेत स्टॅकमन यांच्या पद्धतीत जे बारा गहू वापरले गेले, त्यांतील एकाचे नाव ‘खपली’ असेच होते. रानटी एमरमधूनही पिवळ्या तांबेऱ्याला दाद न देणारे जनुक मिळाले असून, २०१७ मध्ये या रानगव्हाचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. रोश पिनाच्या दक्षिणेस काही किलोमीटरवर असलेल्या अमियाद येथे १९८४ पासून रानगव्हाचा त्याच्या मूळ जागीच अभ्यास सुरू झाला. बियाणे शीतपेटीत जपले तर ते टिकते, पण हवामानाशी आणि रोगांशी झुंजत बदलत राहण्याची त्याची क्षमता रानातच राहते, हा त्यामागील विचार आपल्याकडील देशी वाण जपणाऱ्यांनीही मनावर घ्यावा असा आहे.

तेल अवीवहून रोश पिना रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. शुक्रवारी सूर्यास्ताच्या आधीपासून शनिवारी अंधार पडेपर्यंत शब्बाथ पाळला जात असल्याने सार्वजनिक बसगाड्या बहुतेक बंद असतात, तेव्हा पोहोचण्याचा दिवस त्या बेताने ठरवावा; लेबनॉन आणि सीरियाच्या सीमा जवळ असल्याने निघण्यापूर्वी भारत सरकारच्या प्रवाससूचनाही पाहाव्यात. पाऊस साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते एप्रिल असा पडतो आणि डोंगर फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलांनी भरतो, पण ओंबी पाहायची असेल तर एप्रिलची अखेर ते मेचा मध्य हा काळ गाठावा आणि ती न तोडता जागेवरच पाहावी. जूनच्या कडक उन्हात जाणाऱ्याला खडकांमध्ये बहुधा वाळलेल्या काड्याच दिसतात, कारण बहुतेक दाणे तोवर मातीत गेलेले असतात.