फोटो एडिटिंग सॉफ्टवेअर भाड्यानं की विकत? हप्ता थांबला तर तुमच्या एडिट्सचं काय होतं?

लग्नाचे फोटो काढणाऱ्यांची कमाई मोजक्या महिन्यांत होते, सॉफ्टवेअरचा हप्ता मात्र बाराही महिने जातो. चातुर्मासात मुहूर्त नसले तरी कार्डातून पैसे कापले जातातच. म्हणून ‘एकदाच पैसे भरून कायमचं मिळेल असं काही आहे का?’ असं अनेक जण विचारतात. पण फक्त किंमत पाहून निर्णय घेतला तर पुढे अडचण होऊ शकते. त्याआधी विचारायचा प्रश्न असा: पैसे भरणं थांबवलं, तर तुमच्या कामाचं काय होतं?

भाडं कधीपासून सुरू झालं?

फोटोशॉप बनवणाऱ्या अॅडोबीनं मे २०१३ मध्ये जाहीर केलं की यापुढच्या नव्या आवृत्त्या फक्त सबस्क्रिप्शनवर मिळतील. २०१२ ची ‘सीएस६’ ही एकरकमी मिळणारी शेवटची मुख्य आवृत्ती ठरली. लाइटरूम मात्र आणखी काही वर्षं विकत मिळत होतं. २०१५ मध्ये आलेलं लाइटरूम ६ हे त्यातलं शेवटचं. २०१७ मध्ये कंपनीनं तोही मार्ग बंद केला.

स्वस्त काय पडतं?

अमेरिकेतल्या दरांवरून हिशेब करू. फोटोशॉप सीएस६ ची किंमत होती ६९९ डॉलर, लाइटरूम ६ ची १४९ डॉलर. दोन्ही सॉफ्टवेअर देणारा फोटोग्राफी प्लॅन महिन्याला ९.९९ डॉलरचा होता. म्हणजे फोटोशॉपची किंमत हप्त्यांतून गाठायला ७० महिने लागले असते, लाइटरूमची फक्त १५. ज्यांना फोटोशॉप लागायचं त्यांना भाडं परवडलं, ज्यांचं काम एकट्या लाइटरूमवर भागायचं त्यांना ते महाग पडलं.

शिवाय भाडं वाढू शकतं. जानेवारी २०२५ मध्ये हा २० जीबीचा प्लॅन नव्या ग्राहकांसाठी बंद झाला आणि दरमहा पैसे भरणाऱ्या जुन्या ग्राहकांसाठी दर १४.९९ डॉलर झाला. थेट दीडपट.

एकदा घेतलं की कायमचं, असं असतं का?

पूर्णपणे नाही. सॉफ्टवेअर तुमच्याकडे राहतं, पण आजूबाजूचं बदलत जातं.

• नवा कॅमेरा घेतला की त्याच्या रॉ फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाहीत. आधी त्या डीएनजीमध्ये बदलून घ्याव्या लागतात. त्यासाठी अॅडोबीचा मोफत कन्व्हर्टर आहे.

• २०१९ मध्ये अॅपलच्या मॅकओएस कॅटालिनानं ३२-बिट प्रोग्रॅम चालवणं बंद केलं आणि अनेक जुनी सॉफ्टवेअर तिथेच अडकली.

• लाइटरूम ६ मधला नकाशा गुगलच्या सेवेवर चालायचा. नोव्हेंबर २०१८ नंतर तो बंद पडला.

‘एकदाच पैसे भरा’ याचाही अर्थ नीट वाचा. फोटोशॉप एलिमेंट्स २०२५ एकरकमी मिळतं, पण परवाना तीन वर्षांचाच असतो.

हप्ता थांबवला की काय होतं?

मूळ फोटो कुठेही जात नाहीत, ते तुमच्याच हार्ड डिस्कवर असतात. लाइटरूम क्लासिकमध्ये सबस्क्रिप्शन संपल्यावरही फोटो पाहता येतात, एक्सपोर्ट करता येतात. बंद होतो तो डेव्हलप विभाग, म्हणजे रंग-उजेडाचं सगळं काम जिथे होतं तोच.

लाइटरूम रॉ फाइलला हात लावत नाही. तुम्ही काय काय बदललं याच्या सूचना तेवढ्या कॅटलॉगमध्ये लिहून ठेवतं. त्यामुळे पाककृती तुमच्याकडे राहते, पण स्वयंपाकघराला कुलूप लागतं. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच सूचनांवरून हुबेहूब तोच फोटो तयार होत नाही. दोन वर्षांनी एखादं कुटुंब ‘अल्बममधला हा फोटो जरा उजळ करून द्या’ म्हणत आलं, तर एक तर पुन्हा हप्ता भरा, नाही तर सगळं पहिल्यापासून करा.

मध्येच सोडलं तर दंड?

‘वार्षिक प्लॅन, पैसे दरमहा’ हा करार वर्षभराचा असतो. अॅडोबीच्या अशा प्लॅनमध्ये पहिल्या १४ दिवसांत रद्द केल्यास पूर्ण पैसे परत मिळतात. त्यानंतर उरलेल्या महिन्यांच्या रकमेपैकी निम्मी भरावी लागते. समजा हप्ता १,००० रुपये आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला घेतलेला प्लॅन जूनअखेर सोडला, तर चार महिने उरतात आणि २,००० रुपये द्यावे लागतात. ही अट ग्राहकांपासून लपवल्याच्या आरोपावरून जून २०२४ मध्ये अमेरिकी सरकारनं अॅडोबीवर खटला भरला. कंपनीनं आरोप फेटाळले.

भारतात रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून आपोआप होणाऱ्या कपातीची सूचना किमान २४ तास आधी यायला हवी, आणि ती कपात थांबवण्याची सोयही हवी. २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’ मार्गदर्शक तत्त्वांत ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’चाही समावेश आहे. मात्र बँकेत कपात थांबवली म्हणजे कंपनीशी झालेला करार संपला, असं होत नाही. सबस्क्रिप्शन कंपनीच्या खात्यात जाऊनच रद्द करा.

पर्याय कोणते?

डीएक्सओ फोटोलॅब एकरकमी मिळतं. अॅफिनिटीही आधी तसंच मिळायचं. २०२४ मध्ये कॅनव्हानं ते विकत घेतलं आणि ऑक्टोबर २०२५ पासून ते मोफत आहे. त्यासाठी कॅनव्हाचं खातं लागतं, एआयची साधनं हवी असतील तर सशुल्क प्लॅनही लागतो. गिम्प, डार्कटेबल आणि रॉथेरपी ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. ती शिकायला वेळ लागतो, पण तिथे हप्ता थांबला म्हणून काही बंद होत नाही.

मग काय करावं?

• रोजचा धंदा यावरच असेल आणि कॅमेरे बदलत असाल, तर सबस्क्रिप्शन दुकानाच्या भाड्यासारखं खर्चात धरा आणि ग्राहकाच्या बिलात मोजा.

• वर्षातून चार-दोन वेळा घरचे फोटो सुधारायचे असतील, तर आधी मोफत पर्याय महिनाभर वापरून पाहा.

• काहीही निवडलं तरी प्रत्येक काम संपल्यावर अंतिम फोटो पूर्ण आकारात जेपेग किंवा टिफमध्ये एक्सपोर्ट करून मूळ रॉ फाइलशेजारी ठेवा. हे काम प्लॅन चालू असतानाच उरका.

• नूतनीकरणाच्या तारखेच्या १५ दिवस आधीचं रिमाइंडर आजच फोनमध्ये लावा.