दोन मिनिटांचं विमान

मिरजगावच्या स्टँडवर नगरच्या एसटीची वाट बघण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, असं घरचे म्हणतात. त्यामुळे गाव किती किलोमीटरवर आहे यापेक्षा तिथं पोचायला किती वेळ लागतो, हाच हिशेब माझ्या डोक्यात पक्का बसलाय. म्हणूनच जगातल्या सगळ्यात छोट्या विमानप्रवासाबद्दल वाचलं तेव्हा आधी हसू आलं, मग विचारात पडले.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाची बेटं आहेत. त्यातलं एक वेस्ट्रे, शेजारचं पापा वेस्ट्रे. दोन्हीकडच्या विमानतळांमधलं अंतर फक्त २.७ किलोमीटर! आपल्या मुंबईच्या विमानतळाची मोठी धावपट्टी याहून लांब आहे. वेळापत्रकात प्रवास दोन मिनिटांचा, पण बऱ्याचदा दीड मिनिटातच चाकं टेकतात. वाऱ्याची साथ असेल तर आणखी लवकर. विक्रम आहे ५३ सेकंदांचा. कुकरची एक शिट्टीसुद्धा होत नाही हो एवढ्यात! लोगनएअर कंपनीने १९६७ साली ही सेवा सुरू केली. विमानात प्रवासी बसतात आठ. आपल्याकडे काळी-पिवळी जीपमध्ये याहून जास्त कोंबतात.

एवढ्याशा अंतराला विमान कशाला, हे श्रीमंतांचे चोचले, असं मलाही आधी वाटलं. पण पापा वेस्ट्रेवर माणसं शंभराच्या आतच. शिक्षक, डॉक्टर, पेशंट सगळे याच विमानाने ये-जा करतात. बोट आहे, पण समुद्र खवळला की तिचा काय भरवसा? म्हणून तिथलं सरकार पदरचे पैसे घालून हे विमान चालवतं.

आपल्या लक्षद्वीपचंही तसंच. धावपट्टी एकट्या अगत्ती बेटावर. कोचीहून तिथं विमान जातं. राजधानी कवरत्ती तिथून जेमतेम ५५-६० किलोमीटर, पण पुढे बोट नाहीतर हेलिकॉप्टर. अडलेल्या बाळंतिणीला हेलिकॉप्टरनेच हलवतात. हवा बिघडली की तेही थांबतं. त्या बाईच्या जिवाची काय घालमेल होत असेल!

आपल्या जिल्ह्यात २०१७ साली शिर्डीला विमानतळ झाला. तिथून मुंबई विमानाने पाऊण तासावर. पण मिरजगावहून शिर्डी गाठायलाच तीनेक तास मोडतात, ते कोण मोजणार?

माझ्या जावेचं पहिलं बाळंतपण आठवतं. वस्तीपासून दवाखाना बारा किलोमीटर. आषाढाची रात्र, ओढ्याला पाणी, फोन कुणाकडे नाही. शेवटी शेजारच्यांचा ट्रॅक्टर काढला, ट्रॉलीत गोधड्या अंथरल्या, वर ताडपत्री धरली. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. त्या बारा किलोमीटरला अडीच तास लागले. १०८ ची गाडी महाराष्ट्रात आली २०१४ साली, तोवर तिची दोन्ही बाळंतपणं उरकली होती.

दवाखान्याच्या दारात पोचलो आणि दहा मिनिटांत पोरगा झाला. घरात त्याला अजून सगळे ‘ट्रॅक्टर’च म्हणतात.